बॉम्बे स्ट्रीटच्या मागची भिंत

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात बॉम्बे स्ट्रीट नावाची एक गल्ली आहे, हे तिथे राहायला जाऊन दोन महिने झाले तरी मला ठाऊक नव्हते. एकदा नकाशात दुसराच पत्ता शोधताना ते नाव नजरेस पडले आणि गिरगावात लहानाची मोठी झालेल्या मला ते ओलांडून पुढे जाता येईना. तिच्या शेजारीच काश्मीर रोड होता. लिननच्या गिरण्या जोरात चालत असताना कामगारांसाठी वसवलेल्या त्या भागातल्या रस्त्यांना साम्राज्यातल्या दूरदूरच्या ठिकाणांची नावे दिली गेली होती, एवढाच त्यातला संबंध. तरीही पुढच्या रविवारी सकाळी मी फॉल्स रोडवरून क्लोनार्डच्या मठाच्या बाजूला वळले आणि त्या गल्लीत जाऊन उभी राहिले.

गल्ली लहान आहे. विटांच्या घरांची एक रांग आणि तिच्या मागे घरांच्या छपरांहूनही उंच अशी भिंत. पलीकडून फेकलेल्या वस्तू अंगणात पडू नयेत म्हणून घरांच्या मागच्या बाजूला लोखंडी जाळ्यांचे पिंजरे केलेले आहेत आणि त्या पिंजऱ्यांच्या आत माणसे राहतात, कपडे वाळत घालतात. तिथेच एक स्मृतिउद्यान आहे. त्यात त्या भागातल्या मारल्या गेलेल्या माणसांची नावे कोरलेली आहेत, ब्रिटिश सत्तेशी सशस्त्र लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या, म्हणजे आयआरएच्या, सदस्यांची आणि साध्या रहिवाशांचीही. १५ ऑगस्ट १९६९ या दिवशी ही गल्ली जाळली गेली. माझ्या लेखी १५ ऑगस्ट म्हणजे शाळेतले झेंडावंदन, इस्त्रीचा गणवेश आणि हातावर ठेवलेली बर्फी. त्या गल्लीतल्या लोकांच्या लेखी ती घरे पेटल्याची तारीख आहे. प्रॉटेस्टंट वस्तीतून आलेल्या जमावाने कॅथलिक कुटुंबांची घरे पेटवली, सामान हलवायला मदत करणारा पंधरा वर्षांचा एक मुलगा गोळी लागून मेला, आणि त्याच दिवशी ब्रिटिश सैन्य बेलफास्टच्या रस्त्यांवर उतरले. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये आयआरए फुटली आणि पुढे तीस वर्षे जिचे नाव जगभर गाजले ती 'प्रोव्हिजनल' आयआरए जन्माला आली. 'बॉम्बे स्ट्रीट पुन्हा कधीच नाही' ही तिच्या समर्थकांची घोषणा भित्तिचित्रांतून आजही दिसते.

हे सारे वाचत उभी असताना मला काही नवीन वाटले नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगायला हवे. आयर्लंडविषयीची एक बाजू मी मुंबईहून निघतानाच सोबत घेतलेली होती. होमरूल हा शब्द आपल्याकडे आला तोच आयर्लंडहून. लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली ती एप्रिल १९१६ च्या अखेरीस, आणि त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा उठाव चालू होता. माझे आजोबा आयर्लंडचा टेरेन्स मॅकस्विनी आणि आपला जतींद्रनाथ दास ही दोन नावे एका श्वासात घेत. दोघेही तुरुंगातल्या उपोषणात गेले, एक १९२० मध्ये आणि दुसरा १९२९ मध्ये. आमच्या घरात आयरिश माणूस म्हणजे आपल्यासारखाच इंग्रजांशी लढलेला माणूस. त्यामुळे क्लोनार्डच्या उद्यानातली नावे वाचताना मी मनात हात जोडले आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही.

मग मी भिंतीच्या पलीकडे गेले. भिंत ओलांडायची म्हणजे स्प्रिंगफील्ड रोडला वळसा घालून लानार्क वे नावाच्या रस्त्यावरच्या फाटकातून जावे लागते. हे फाटक रात्री बंद होते. शांतता करार होऊन इतकी वर्षे झाली तरी बंद होते. पलीकडे शँकिल रोड, प्रॉटेस्टंट कामगारांची वस्ती, युनियन जॅकच्या पताका आणि फुटपाथच्या लाल, पांढऱ्या, निळ्या रंगवलेल्या कडा. तिथे फ्रिझेल नावाच्या कुटुंबाचे मासळीचे दुकान होते. २३ ऑक्टोबर १९९३ च्या शनिवारी, बाजाराच्या ऐन गर्दीत, आयआरएचे दोघे जण माल पोचवणाऱ्यांच्या वेशात बॉम्ब घेऊन त्या दुकानात शिरले. दुकानाच्या वरच्या मजल्यावर ब्रिटनच्या बाजूने शस्त्र उचललेल्या लॉयलिस्ट संघटनेच्या पुढाऱ्यांची बैठक असेल असा त्यांचा अंदाज होता. बैठक नव्हती. बॉम्ब वेळेआधीच फुटला आणि इमारत कोसळली. मृतांत दुकानाचा मालक आणि त्याची मुलगी होती, सात वर्षांची एक चिमुरडी आणि तेरा वर्षांची दुसरी मुलगी होती. तिथल्या स्मृतिफलकावर नऊ नावे आहेत.

घरी परतल्यावर मी त्या दिवसाची माहिती शोधली, तेव्हा सरकारी नोंदींत मृतांची संख्या दहा दिसली. दहावा मृत थॉमस बेगली, बॉम्ब नेणाऱ्या दोघांपैकी एक. बेलफास्टमधला भूतकाळाचा वाद मला ज्या दिवशी खऱ्या अर्थाने समजला तो हा दिवस. नऊ म्हणणारी माणसे आणि दहा म्हणणारी माणसे एकाच शहरात राहतात, एकाच दवाखान्यात जातात, आणि कोणता आकडा उच्चारायचा हे ठरवताना ती सबंध तीस वर्षांचा निवाडा करीत असतात.

मी त्या रात्री बाबांना पत्र लिहायला बसले. आमच्याकडे अजून पत्रे लिहिण्याची सवय आहे. दिवसभर काय पाहिले हे मराठीत लिहू लागले आणि एका शब्दापाशी अडले. दुकानात मेलेल्या नऊ जणांना 'बळी' म्हणता येते. दहाव्याला काय म्हणायचे? 'बळी' या शब्दात आपल्याकडे वेदीचा आणि नैवेद्याचा वास आहे. कोणीतरी कोणाला तरी कशासाठी तरी अर्पण केले असा त्याचा मूळ अर्थ. 'पीडित' म्हणावे तर तो अर्जावरचा शब्द वाटतो. 'हुतात्मा' म्हटले की त्याने स्वतःला होमात टाकले असा गौरव होतो, आणि क्लोनार्डच्या उद्यानातल्या नावांना तिथले लोक हाच अर्थ देतात. नुसते 'मेला' म्हणावे तर ते खरे, पण ज्याच्या घरी मेला त्याला ते पुरत नाही. प्रत्येक शब्द उचलला की त्याच्याबरोबर निकालपत्र उचलले जात होते. मी शेवटी 'दहा माणसे गेली' असे लिहिले आणि ते लिहितानाही आपण काहीतरी लपवत आहोत असे वाटत राहिले.

उत्तर आयर्लंडमध्ये हा शब्दाचा प्रश्न कायद्यात जाऊन बसला आहे. २००६ च्या एका आदेशाने बळी कोण याची व्याख्या केली: संघर्षातल्या घटनेत ज्याला शारीरिक वा मानसिक इजा झाली तो, अशा माणसाची मोठ्या प्रमाणावर काळजी वाहणारा, आणि ज्याचे माणूस अशा घटनेत गेले तो. मृत माणूस काय करताना मेला हे व्याख्या विचारीत नाही. त्यामुळे बेगलीचे आईवडील आणि त्या सात वर्षांच्या मुलीचे आप्त कायद्याच्या एकाच ओळीत येतात. ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणाऱ्या युनियनिस्ट पक्षांनी आणि अनेक पीडित कुटुंबांनी हे कधीच मान्य केले नाही. ते आग्रहाने 'निरपराध बळी' असा शब्द वापरतात. आयर्लंड एक व्हावा असे मानणारे राष्ट्रवादी बाजूचे लोक उलट म्हणतात की बळींमध्ये उतरंड लावता येत नाही, कारण आईचे दुःख मुलाचा गुन्हा पाहून कमीजास्त होत नाही.

हा वाद सर्वांत कडवटपणे उघड्यावर आला तो २००९ च्या जानेवारीत. आर्चबिशप रॉबिन ईम्स आणि पूर्वी कॅथलिक धर्मगुरू असलेले डेनिस ब्रॅडली यांच्या गटाने भूतकाळाचे काय करायचे यावर दीड वर्ष लोकांचे म्हणणे ऐकून अहवाल तयार केला होता. तो जाहीर झाला बेलफास्टच्या युरोपा हॉटेलात, ज्या हॉटेलावर संघर्षाच्या काळात तीसहून अधिक वेळा बॉम्बहल्ले झाले होते. अहवालात बऱ्याच विचारपूर्वक केलेल्या शिफारशी होत्या, स्वतंत्र आयोगाची योजना होती. पण त्यांतली एक शिफारस अशी होती की संघर्षात मेलेल्या प्रत्येकाच्या जवळच्या नातलगाला, मृत कोणीही असो, १२ हजार पौंड द्यावेत. सभागृहात आरडाओरड झाली. ज्यांची माणसे मारली गेली होती ते एकमेकांसमोर उभे राहून बोलू लागले. त्या एका आकड्याखाली बाकीचा सगळा अहवाल गाडला गेला.

मला या प्रसंगाविषयी पुष्कळ दिवस विचार करावा लागला आणि अजूनही माझे मत पूर्ण पक्के आहे असे मी म्हणणार नाही. परंतु मला वाटते की त्या दोघा भल्या माणसांनी दुःखाची दखल घेऊ पाहिली आणि लोकांना त्यात गौरवाची वाटणी दिसली. बॉम्ब नेणाऱ्याच्या आईला रडण्याचा हक्क आहे, तिला मानसोपचाराची, आधाराची गरज पडली तर समाजाने तो द्यावा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र २०१३ मध्ये, त्या स्फोटाला वीस वर्षे झाली तेव्हा, आर्डॉयन भागात बेगलीच्या नावाचा स्मृतिफलक समारंभपूर्वक उघडला गेला, तेव्हा प्रश्न आईच्या रडण्याचा राहिला नव्हता. तिथून शँकिल काही फार लांब नाही. पुढे गंभीर अपंगत्व आलेल्यांसाठी नियमित भत्त्याची योजना आली, तीही याच खडकावर कित्येक महिने अडकून पडली, आणि न्यायालयाने कान उपटल्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये तिचे अर्ज सुरू झाले. पाय गमावलेली माणसे या काळात म्हातारी होत होती.

हा संघर्ष ज्यांना दूरचा वाटत असेल त्यांच्यासाठी एवढे सांगणे आवश्यक आहे की १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली तेव्हा ईशान्येचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तिथल्या प्रॉटेस्टंट बहुसंख्याकांना ब्रिटनशी जोडलेले राहायचे होते, ते युनियनिस्ट. आणि घरे, नोकऱ्या व मतदान यांत डावलले गेलेले कॅथलिक अल्पसंख्य स्वतःला आयरिश मानत होते, त्यांतले सशस्त्र मार्ग धरणारे ते रिपब्लिकन. १९६८ मध्ये नागरी हक्कांच्या मोर्चांवर लाठ्या चालल्या आणि १९९८ च्या १० एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, करार झाला. या तीस वर्षांना तिथले लोक 'ट्रबल्स' म्हणतात. साधारण पंधरा लाख वस्तीच्या प्रदेशात सुमारे साडेतीन हजार माणसे मारली गेली. त्यांतली ढोबळमानाने साठ टक्के रिपब्लिकन संघटनांनी मारली, तीस टक्के लॉयलिस्ट संघटनांनी आणि दहा टक्के सैन्य व पोलिसांनी.

या तीन आकड्यांचेही दोन अर्थ होतात. युनियनिस्ट माणूस म्हणतो, नव्वद टक्के माणसे दहशतवाद्यांनी मारली आणि चौकश्यांचा पैसा, वेळ, वृत्तपत्रांचे रकाने मात्र उरलेल्या दहा टक्क्यांवर खर्च होतात. हा इतिहास उलटा लिहिण्याचा उद्योग आहे. राष्ट्रवादी माणूस म्हणतो, आयआरएच्या हजारो लोकांनी तुरुंगवास भोगला, गणवेशातल्या किती जणांनी भोगला? शिवाय लॉयलिस्टांच्या तीस टक्क्यांतले काही खून राज्याच्या माहितीने आणि मदतीने झाले. हे दुसरे म्हणणे हवेतले नाही. वकील पॅट फिनुकेन यांना फेब्रुवारी १९८९ मध्ये त्यांच्या घरात, कुटुंबासमोर गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्या खुनात राज्यातल्या लोकांची हातमिळवणी धक्कादायक प्रमाणात होती हे २०१२ मध्ये पंतप्रधानांना संसदेत कबूल करावे लागले. खुली चौकशी जाहीर व्हायला मात्र २०२४ चा सप्टेंबर उजाडला.

डेरीला मी तीन वेळा गेले. या शहराच्या नावातच भांडण आहे, युनियनिस्ट त्याला लंडनडेरी म्हणतात. ३० जानेवारी १९७२ ला तिथे पॅराशूट रेजिमेंटच्या सैनिकांनी मोर्चातल्या निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. तेरा जण त्याच दिवशी गेले, चौदावा काही महिन्यांनी. काही आठवड्यांत उरकलेल्या पहिल्या चौकशीने सैनिकांना बहुतांशी दोषमुक्त केले आणि मेलेल्यांवर बंदुका व बॉम्ब बाळगल्याचा संशय ठेवला. तो संशय पुसला जायला अडतीस वर्षे लागली. लॉर्ड सॅव्हिल यांची दुसरी चौकशी १९९८ मध्ये नेमली गेली, तिच्यावर १९ कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला, आणि १५ जून २०१० या दिवशी गिल्डहॉलच्या चौकात जमलेल्या हजारो लोकांनी मोठ्या पडद्यावर पंतप्रधानांना माफी मागताना पाहिले. आत अहवाल वाचायला बसलेल्या नातलगांनी खिडकीच्या काचांतून अंगठे वर करून बाहेरच्यांना आधीच खूण केली होती. जुन्या अहवालाची प्रत त्या दिवशी सर्वांसमोर फाडली गेली. मला ते दृश्य माहितीपटाच्या तुकड्यांतून ठाऊक आहे आणि प्रत्येक वेळी माझा गळा दाटून येतो. त्या कुटुंबांना हवा होता तो शब्द मिळाला: निरपराध.

त्यानंतर हवे होते ते मात्र मिळाले नाही. 'सोल्जर एफ' एवढ्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका माजी सैनिकावर २०१९ मध्ये आरोप ठेवले गेले, मग मागे घेतले गेले, मग पुन्हा उभे राहिले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये बेलफास्टच्या न्यायालयाने त्याला पुराव्याअभावी निर्दोष सोडले. सैनिकांनी पळणाऱ्या निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या हे न्यायाधीशांनी निकालात स्पष्ट म्हटले. त्रेपन्न वर्षांनंतर त्या माणसाविरुद्ध टिकेल असा पुरावा मात्र शिल्लक नव्हता.

आणि ज्यांच्या वाट्याला कोणताच सॅव्हिल आला नाही, त्यांचे काय, हा शँकिलवरचा प्रश्न डेरीच्या चौकात उभे राहूनही विचारता यायला हवा. ५ जानेवारी १९७६ च्या संध्याकाळी दक्षिण आर्मामधल्या किंग्जमिल गावाजवळ कामगारांची एक मिनीबस थांबवली गेली. बंदूकधाऱ्यांनी त्यांच्यातला एकमेव कॅथलिक कामगार वेगळा काढून त्याला जायला सांगितले आणि बाकीच्यांना रस्त्याकडेला उभे करून गोळ्या घातल्या. दहा जण मेले. एक जण अठरा गोळ्या लागूनही वाचला. आदल्याच दिवशी लॉयलिस्टांनी दोन कॅथलिक कुटुंबांतले सहा जण गोळ्या घालून मारले होते, त्यांचा हा सूड. आयआरएने हे कृत्य कधी स्वतःच्या नावावर घेतले नाही. ते आयआरएनेच, उघड धर्मद्वेषातून केले, असा निष्कर्ष २०२४ च्या एप्रिलमध्ये मृत्यूंची तपासणी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्यांनी नोंदवला. मारेकऱ्यांपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही.

मी बेलफास्टमध्ये असतानाच, २०१८ च्या जानेवारीत, नेमक्या त्या स्मृतिदिनी, आयआरएची राजकीय बाजू मानल्या जाणाऱ्या शिन फेन पक्षाच्या एका खासदाराने डोक्यावर पावाचे पुडके ठेवलेली स्वतःची चित्रफीत प्रसिद्ध केली. त्या पावाच्या कंपनीचे नाव किंग्जमिल. तारखेचा संबंध आपल्या लक्षात आला नाही असे तो म्हणाला, आणि काही दिवसांनी त्याने राजीनामा दिला. मी ज्यांच्या घरात भाड्याने राहत होते त्या बाईंनी त्या सकाळी स्वयंपाकघरातला रेडिओ बंद केला आणि दुपारपर्यंत कोणाशी बोलल्या नाहीत. त्या सत्तरीच्या होत्या. त्यांच्या दिवाणखान्यात शेकोटीच्या वरच्या फळीवर एका तरुणाचे छायाचित्र होते, ज्याविषयी त्या कधी बोलत नसत. त्या कोणत्याही चर्चमध्ये जात नसत, त्यांचे सासरचे आडनाव दोन्हीकडे आढळणारे होते, आणि बेलफास्टमध्ये माणसाला त्याची बाजू थेट विचारायची नसते हे मी एव्हाना शिकले होते. तिथे बहुतेक वेळा विचारावे लागतही नाही. पहिले नाव ऐकले, शाळा ऐकली, की समजते.

या सगळ्या धुमश्चक्रीत एक काम मात्र झाले, आणि मला त्याचा फार विचार करावासा वाटतो. मुख्यतः आयआरएने खबरे म्हणून किंवा अन्य कारणांनी ज्यांना उचलून नेले, मारले आणि गुपचूप पुरले, त्यांना तिथे 'डिसअपिअर्ड' म्हणतात. सोळा जणांची यादी होती. दहा मुलांची विधवा आई जीन मॅकॉनव्हिल यांना डिसेंबर १९७२ मध्ये बेलफास्टच्या त्यांच्या घरातून, मुलांच्या देखत नेले गेले. पुढची सव्वीस वर्षे आयआरएने कानावर हात ठेवले आणि त्या मुले टाकून पळून गेल्या अशी कुजबुज पसरू दिली. १९९९ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंड या दोन्ही सरकारांनी मिळून अवशेष शोधणारा आयोग नेमला. त्याला दिलेली माहिती कोणत्याही फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही; मिळालेल्या अस्थींची तपासणी ओळख पटवण्यापुरतीच होते, खुनी शोधण्यासाठी होत नाही. मॅकॉनव्हिल यांचे अवशेष २००३ मध्ये लाउथ परगण्यातल्या समुद्रकिनाऱ्यावर फिरायला आलेल्या लोकांना सापडले. बाकीचे बहुतेक दलदलीच्या माळरानांत सापडले. तिथल्या पीट नावाच्या काळ्या, ओल्या मातीत हातभर अंतराने खड्डा चुकला तरी माणूस सापडत नाही. सांगणारे म्हातारे झाले, झाडी बदलली, वाटा बदलल्या.

आपल्याकडे देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, पालाशविधी म्हणतात त्याला. माझ्या आत्याच्या दिराचा असा विधी झाला होता, तो समुद्रात गेला होता. बारा वर्षे थांबून केला. कॅथलिक आयरिश घरांत मृताला अंत्यसंस्कारापूर्वी रात्रभर घरात ठेवतात, शेजारीपाजारी येतात, चहा होतो, आठवणी निघतात. त्याला ते 'वेक' म्हणतात. देहाशिवाय वेक होत नाही आणि पळसाची पाने तिथे नाहीत. कोलंबा मॅकव्हे हा एकोणीस वर्षांचा मुलगा १९७५ मध्ये नेला गेला. मोनाहन परगण्यातल्या ब्रॅगन दलदलीत त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा खोदकाम झाले आहे. तो अजून सापडलेला नाही. त्याची आई २००७ मध्ये गेली.

हा आयोग यशस्वी का झाला, याचे उत्तर मला अस्वस्थ करते. त्याने जवळजवळ काहीच मागितले नाही. कोणी मारले, कोणी हुकूम दिला, कोणत्या कारणाने, हे काहीही न विचारता त्याने फक्त जागा विचारली, आणि तेवढ्याचीच उत्तरे आली. कुटुंबांनी या अटी मान्य केल्या, कारण न्यायाची वाट पाहणे आणि हाडांची वाट पाहणे यांत त्यांना हाडे निवडावी लागली. ही निवड त्यांच्यावर लादणे अन्याय होते असे मला वाटते, आणि तरी ती केली नसती तर सोळांपैकी जे तेरा जण सापडले त्यांतले बहुतेक घरी परतले नसते.

याच्या नेमका उलटा धडा बॉस्टनच्या ध्वनिफितींनी दिला. बॉस्टन कॉलेजच्या एका प्रकल्पात २००१ पासून पुढची काही वर्षे माजी रिपब्लिकन आणि लॉयलिस्ट लढवय्यांच्या मुलाखती नोंदवल्या गेल्या. बोलणारा मरेपर्यंत त्या बाहेर येणार नाहीत असे त्यांना सांगण्यात आले होते. माणसे बोलली, कधी नव्हे ते मोकळेपणाने बोलली. मग २०११ मध्ये पोलिसांनी अमेरिकेतल्या न्यायालयांमार्फत त्या फिती मागवल्या, २०१४ मध्ये मॅकॉनव्हिल प्रकरणी शिन फेनचे तेव्हाचे अध्यक्ष जेरी अ‍ॅडम्स यांना चार दिवस चौकशीसाठी ताब्यात घेतले आणि आरोप न ठेवता सोडले. त्याच प्रकरणातला दुसऱ्या एका म्हाताऱ्या माणसावरचा खटला २०१९ मध्ये फिती विश्वासार्ह नाहीत म्हणून कोसळला. पोलिसांनी खुनाचा तपास करू नये असे मी म्हणणार नाही. दहा मुलांच्या आईचा खून होता तो. पण या साऱ्यातून शिक्षा कोणालाच झाली नाही, आणि बोलायला तयार झालेली तोंडे मात्र मिटली.

लंडनच्या सरकारने २०२३ मध्ये याचा शेवट करायचा म्हणून जो कायदा केला, त्याने अशक्य वाटणारी गोष्ट साधली: उत्तर आयर्लंडमधले सगळे मोठे पक्ष एका बाजूला आले. सहकार्य करणाऱ्याला खटल्यापासून माफी, नवे दिवाणी दावे नाहीत, आणि १ मे २०२४ पासून अपुऱ्या राहिलेल्या मृत्यू-चौकश्या बंद, असा तो कायदा होता. शिन फेनला त्यात सैनिकांची सुटका दिसली, युनियनिस्टांना आयआरएची. डब्लिनचे सरकार लंडनविरुद्ध युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले, आणि बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने माफीची तरतूद मानवी हक्कांशी विसंगत ठरवली. सरकार बदलले, सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही देशांनी मिळून नवा आराखडा जाहीर केला, नवे विधेयक आले. आता ब्रिटनमधले माजी सैनिक रस्त्यावर आहेत. सत्तरी-ऐंशीतल्या आपल्या माणसांना कोर्टात ओढले जाईल ही त्यांची भीती. या प्रकरणातले सगळेच आता सत्तरी-ऐंशीतले आहेत, मारणारे, वाचलेले आणि वाट पाहणारे.

पुढच्या पिढीचे काय, असे मला इथे अनेक जण विचारतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये शिन फेनच्या नेत्या मिशेल ओनील यांनी त्या काळी सशस्त्र संघर्षाला पर्याय नव्हता असे म्हटले. दीड वर्षाने त्या उत्तर आयर्लंडच्या पहिल्या राष्ट्रवादी मुख्यमंत्री झाल्या. बॉम्बे स्ट्रीटवर उभे राहिले की ते वाक्य खरे वाटू शकते, हे मी स्वतः अनुभवले आहे. पण शांततेच्या मार्गाने लढणारे राष्ट्रवादी नेते जॉन ह्यूम त्याच डेरीत, त्याच अन्यायाखाली वाढले, शेवटपर्यंत त्यांनी बंदूक नाकारली आणि हजारो कॅथलिक मतदार त्यांच्या मागे उभे राहिले. पर्याय नव्हता असे म्हटले की त्या सगळ्यांना इतिहासातून पुसावे लागते. २०२२ च्याच ऑक्टोबरमध्ये आयर्लंडच्या महिला फुटबॉल संघाने विजयाच्या आनंदात आयआरएचा जयघोष असलेले गाणे म्हटले आणि दुसऱ्या दिवशी माफी मागितली. त्या मुलींपैकी कित्येक जणी कराराच्या आसपास जन्मल्या होत्या. त्यांना ते नुसते गाणे वाटत होते, यावर माझा विश्वास आहे, आणि शँकिलवर ते कसे ऐकू आले असेल हेही मला ठाऊक आहे.

तिथल्या माझ्या अखेरच्या हिवाळ्यात, नोव्हेंबर २०१८ मध्ये, घरमालकीण बाईंनी मला स्टॉरमाँटला येतेस का असे विचारले. दरवर्षी 'ऑल सोल्स डे' या कॅथलिकांच्या मृतस्मरणाच्या दिवसाच्या सुमारास 'डिसअपिअर्ड' लोकांची कुटुंबे तिथल्या संसदभवनाच्या लांबलचक चढणीवरून मूकपणे चालत जातात. घोषणा नसतात, फलक नसतात. पायऱ्यांशी एक काळे पुष्पचक्र ठेवले जाते आणि त्यात न सापडलेल्या प्रत्येकासाठी एक पांढरी लिली खोवलेली असते. कोणी सापडला की पुढच्या वर्षी एक लिली कमी होते. त्या वर्षी तीन होत्या. त्यानंतर, २०२२ मध्ये, आयोगाच्या यादीत आणखी एका हरवलेल्या तरुणाचे नाव जोडले गेले आणि मी हे लिहीत असताना चार जण सापडायचे आहेत.

परतताना बसमध्ये आम्ही वरच्या मजल्यावर पुढे बसलो होतो. काचेवर पाऊस होता. बराच वेळ गेल्यावर बाई म्हणाल्या, "फळीवरचा फोटो माझ्या भावाचा आहे." मग त्यांनी त्याचे नाव सांगितले. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते वाचले की तिथल्या कोणालाही तो कोणत्या बाजूचा होता हे तत्क्षणी कळेल आणि तो गणवेशात मेला की गणवेशाशिवाय, याचा अंदाज बांधणे सुरू होईल. "तेवीस वर्षांचा होता," त्या म्हणाल्या, "आणि पाण्याला फार भ्यायचा. मी त्याला पोहायला शिकवणार होते." पुढच्या थांब्यावर शाळेतली मुले बसमध्ये चढली, दोन वेगवेगळ्या गणवेशांतली, आणि बाईंनी त्यांना जागा व्हावी म्हणून आपली पिशवी मांडीवर घेतली.